तीस दिवस आणि दीड हजार किलोमीटर

२ मार्च, सोमवार
गाडी घेतली. सेकंड-हँड, सात वर्षांची, राखाडी. आधीचा मालक डॉक्टर होता, असं डीलर म्हणाला. सगळ्याच जुन्या गाड्यांचे मालक डॉक्टर असतात हे मला ठाऊक आहे. तरी ऐकून बरं वाटलं.

हिला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज. ही डिसेंबरपासून तिच्या ताईकडे आहे, गुडघ्यांना आराम म्हणून. इथून एकशे दहा किलोमीटर. भांडण वगैरे काही नाही. जाताना एवढंच म्हणाली, की तुमचं काही ठरलं की कळवा. कशाबद्दल ते बोलली नाही. गाडीबद्दलच असणार, कारण बसच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. येत्या रविवारी जाऊन घेऊन येतो. विषय संपला.

५ मार्च, सकाळी ११.३०
एका बाईंचा फोन. जुन्या गाडीसाठी एक्स्टेंडेड वॉरंटी, तीन वर्षांची. कंपनी गाडी बनवणाऱ्याची नाही, डीलरचीही नाही. म्हणजे गाडी बनवली एकानं, विकली दुसऱ्यानं आणि बिघडली तर निस्तरणार तिसरा. ऑफर ३१ मार्चपर्यंत.

म्हटलं, कागद पाठवा. मी लिफ्ट मेंटेनन्सच्या कंपनीत तक्रार विभागात आहे. ग्राहकाचा फोन आला की करारातलं नेमकं कलम काढून त्याला वाटेला लावणं, हे माझं काम. मला कुणी टोपी घालू शकत नाही.

रविवारचं जाणं वॉरंटीचा निकाल लागल्यावर. उगाच वाटेत काही झालं तर?

८ मार्च, रविवार
सव्वीस पानं. लाल पेन घेऊन बसलो. इंजिन कव्हर आहे. इंजिनाचे कोणकोणते भाग कव्हर नाहीत, त्याची यादी सव्वा पान. झीज कव्हर नाही. अरे, सात वर्षांच्या गाडीला झिजेशिवाय दुसरं होणार काय? समासात तसं लिहिलं. लिहिल्यावर लक्षात आलं, की हे वाक्य ग्राहक मला रोज सुनावतात.

१२ मार्च
मेकॅनिकला गाडी दाखवली. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे, माणूस साधा. म्हणाला, साहेब, गाडी ठणठणीत आहे, वॉरंटीच्या भानगडीत पडू नका, काही झालं तर मी आहे ना. अर्थात, असं सांगण्यात त्याचाच फायदा. सल्ला ऐकून घेतला, मानला नाही. मग विचारलं त्यानं, की कुठं लांब निघालात का. म्हटलं, बायकोला आणायला. तो म्हणाला, मग जा की, अडलंय कुठं?

सव्वीस पानं वाचली नाहीत की माणूस असा मोकळा बोलतो.

१७ मार्च
वॉरंटीवाल्या मॅडम रोज साडेअकराला फोन करतात. मी रोज नवी शंका काढतो. आज गिअरबॉक्सच्या व्याख्येचा कीस पाडला. चाळीस मिनिटं. शेवटी त्यांनी विचारलं, सर, जेवण झालं का?

हा प्रश्न त्यांच्या कागदावर छापलेला असणार. तरी डिसेंबरनंतर कुणी विचारला नव्हता. झालं म्हणून सांगितलं. झालं नव्हतं.

२२ मार्च, रविवार
हिचा फोन. ताईकडची बाग, डॉक्टर, औषधं. मला राहवेना, गाडीचं सांगून टाकलं. मग विचारलं तिनं, की गाडी तिसऱ्या मजल्यापर्यंत येते का?

मी खूप हसलो. तिला विनोद सुचतात, म्हणजे तब्येत सुधारतेय.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. अकरा वर्षांत कमिटीनं तीनदा कोटेशन मागवलं. घरचाच जाणकार म्हणून तिन्ही वेळा करार माझ्याकडे तपासायला आले. तिन्हींमध्ये मी चुका काढल्या. पहिल्यात सात, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात एकच, पण गंभीर. बिल्डिंगला फसू दिलं नाही. हिला त्याचं कौतुक नाही. ती एकेक पायरी मोजत चढायची आणि दुसऱ्या मजल्यावर थांबून पिशवी खाली ठेवायची.

३१ मार्च, संध्याकाळी ५.४०
घेतली वॉरंटी! ऑफर संपायला वीस मिनिटं असताना. दोन रकाने केले होते. घ्यावी याची कारणं चौदा, घेऊ नये याची सतरा. पण सगळंच आकड्यांवर ठरत नाही. मॅडमना खूप आनंद झाला. मलाही. आता काही काळजी नाही. रविवारी निघतो.

१ एप्रिल
साडेअकराला फोन आला नाही. आता कशाला येईल? बाराला मीच लावून पाहिला. या नंबरवर फोन लागत नाही म्हणे, फक्त तिकडून येतो.

एक गोष्ट निसटली होती. पान एकोणीस, तळाला: वेटिंग पीरियड. वॉरंटी लागू व्हायला तीस दिवस आणि दीड हजार किलोमीटर, दोन्ही पूर्ण व्हावे लागतात. त्याआधी जे बिघडेल तो जुना दोष. तो भाग पुढं तीन वर्षं कायमचा बाद.

हे मला नवीन नाही. ऑफिसात माझ्या ड्रॉवरमध्ये 'जुना दोष' असा रबरी शिक्काच आहे. म्हणून तर मला यातली मेख लगेच दिसली. हायवेवर गाडी बंद पडली, की टोइंग आलं, नोंद आली, बोभाटा झाला. तेव्हा जे काय बिघडायचं ते इथंच बिघडलं पाहिजे. गुपचूप, आपल्या मेकॅनिकच्या डोळ्यांदेखत.

योजना: गॅरेजला वळसा घालून एक चक्कर, बरोबर अडीच किलोमीटर. रोज वीस चकरा. सकाळी सात ते साडेआठ, आजच्या तेवढ्या संध्याकाळी. तीस दिवसांत दीड हजार. ३० एप्रिलला दोन्ही अटी एकदम पूर्ण. मग हिला आणणं.

डोकं असावं लागतं.

४ एप्रिल
योजना झकास चालू आहे. बस स्टॉपवरची मंडळी आता ओळखतात. एक बाई पाचव्या चकरेला हात करते, टॅक्सी समजून. अकराव्या चकरेपर्यंत तिची बस आलेली असते.

चौदाव्या चकरेला ट्रॅफिक पोलिसानं अडवलं. काय शोधताय, म्हणाला. मी पान एकोणीस समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, घरी कोण असतं?

९ एप्रिल
हिचा फोन. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. २१ तारीख, सकाळी आठ. म्हणाली, आदल्या दिवशी या. गाडी घेऊन या. मला भीती वाटतेय हो.

एकतीस वर्षांच्या संसारात भीती वाटते असं ती कधी म्हणाली नव्हती. लगेच कॅल्क्युलेटर घेतला. २१ तारखेला फक्त एकविसावा दिवस आणि एक हजार पन्नास किलोमीटर. दोन्ही अटी अपूर्ण. तिला नीट समजावलं. विचारलं, डॉक्टर दहा दिवस पुढं ढकलतील का?

ती म्हणाली, बरं.

मग ताईंनी फोन घेतला. म्हणाल्या, अहो, बसनं या की! मी म्हटलं, दारात गाडी असताना बसनं? त्यांनी फोन ठेवला. फार तापट स्वभाव.

१५ एप्रिल
मेकॅनिकनं अकराव्या चकरेला हात दाखवून थांबवलं. चहा दिला. म्हणाला, साहेब, वीस तारखेला मी माझी गाडी घेऊन तुमच्या मागं मागं येतो. काही बिघडलंच तर रस्त्यातच करून देतो, कुणाला पत्ता लागणार नाही. पैसे नकोत, वहिनींचं ऑपरेशन आहे म्हणून.

भला माणूस. पण गाडी अनधिकृत व्यक्तीनं उघडल्यास काय, याचं एक कलम पान बावीसवर आहे. तसं त्याला सांगितलं. त्यानं चहाचे कप उचलले.

२१ एप्रिल, सकाळी ६.५०
आज ऑपरेशन. निघतो चकरांना. इथं नुसतं बसून तिला काय उपयोग?

त्याच दिवशी, सकाळी १०.१५
नवव्या चकरेला आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून. बाकी सुरळीत. ताईंना फोन केला. सगळं व्यवस्थित झालं, एवढंच म्हणाल्या. व्यवस्थित झालं, म्हणजे माझ्यावाचून काही अडलं नाही. हे चांगलंच झालं.

गाडी लावून बराच वेळ आत बसलो होतो. का ते सांगता येत नाही. ऑफिसला उशीर झाला.

३० एप्रिल
एक हजार पाचशे चोवीस किलोमीटर! तीस दिवसांत एक बिघाड नाही. एक स्क्रूसुद्धा ढिला नाही. दुपारी मेसेज आला: आपलं संरक्षण सुरू झालं आहे. मेकॅनिकला पेढे द्यावेत म्हणून गेलो, तर गॅरेज बंद होतं. पेढे वॉचमनला दिले. उद्या सुट्टी आहे. उद्याच निघतो. हिच्यासाठी मागच्या सीटवर उशी ठेवली आहे.

१ मे
पोचलो. दोन तास दहा मिनिटं. इतका सोपा रस्ता असेल असं वाटलं नव्हतं.

ही व्हरांड्यात, वॉकर धरून. वाळली आहे. केस कापलेत, बरे दिसतात. मी म्हटलं, चल, गाडी आणली. वॉकर ढकलत ती फाटकापर्यंत आली आणि गाडीकडे पाहत राहिली. मग बोनेटवरून हात फिरवला. मी उत्साहानं सगळं सांगितलं. तीस दिवस, दीड हजार किलोमीटर, रोज वीस चकरा, एक दिवस चुकला नाही.

तिनं विचारलं, एकवीस तारखेलासुद्धा?

मी म्हटलं, त्या दिवशी तर आठ-नऊ जास्तच झाल्या असतील.

ती हळू आवाजात म्हणाली, दीड हजारात तुम्ही इथं जवळजवळ सात वेळा येऊन गेला असतात हो. मी त्या नर्सला म्हटलं, पाच मिनिटं थांबा, आमचे हे येतायत. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायची लाज वाटली. ताई खाली फॉर्म भरत होती, टॅक्सीवाला माझी पिशवी धरून ऑपरेशनच्या दारापर्यंत आला होता. नर्स त्यालाच म्हणाली, तुम्ही बाहेर थांबा, काका. थांबला बिचारा.

मला पान एकोणीस तोंडपाठ आहे. एक शब्द आठवला नाही.

रडली नाही ती. ओरडली असती तर बरं झालं असतं. चहा दिला तिनं, स्वतः उभं राहून करून. मग म्हणाली, मी इथंच राहते. इथं पायऱ्या नाहीत. आणि इथं काही ठरवायचं असलं, की ते त्याच दिवशी ठरतं. मी म्हटलं, लिफ्टचं मी उद्याच कमिटीत काढतो. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं आपण ऑफिसात म्हाताऱ्या ग्राहकांकडे बघतो. मग आत गेली आणि एक कागद घेऊन आली. म्हणाली, गाडी आहेच, तर एवढं आणून द्याल का?

३ मे, रविवार
कागदाप्रमाणे: कपाटाचा डावा कप्पा सगळा. जाड रजई. पुस्तकं, तिची तेवढीच. कुंड्या तीन. शिलाई मशीन.

तीन मजले, चौदा खेपा. दुसऱ्या मजल्यावर दर खेपेला थांबावं लागलं. ओझं खाली ठेवून उभा राहिलो, की समोर भिंतीवर हाताच्या उंचीला एक काळपट पट्टा दिसतो. आधाराला हात टेकून टेकून झालेला. अकरा वर्षं मी त्याच्या शेजारून चढलो-उतरलो.

चुकलं माझं. कुठल्याही कलमात न बसणारं चुकलं. हे तिला फाटकापाशीच म्हणायला हवं होतं. तेव्हा मी तिला मागची उशी दाखवत होतो.

मागं जागा उरली नाही. शिलाई मशीन पुढं ठेवलं, माझ्या शेजारच्या सीटवर. गाडी सुरू केली, तर ती टिंग टिंग वाजायला लागली. तिला वाटलं, शेजारी कुणीतरी बसलंय. उतरलो, पलीकडून गेलो आणि मशीनला पट्टा लावला.