रिकाम्या बाटल्यांचे पार्सल

तीर्थरूप दादास,
धाकट्याचा नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे, जेवण वेळेवर होते आणि गुडघाही हल्ली फारसा कुरकुरत नाही.

डॉक्टरांनी तुझा शनिवारचा पेला बंद केल्यापासून तू गॅलरीत बसणेच सोडलेस, असे वहिनी फोनवर म्हणाल्या. तुझी ब्रँडी हीच खरी चीज आणि माझी संत्र्याची गोड लिक्युअर म्हणजे खोकल्याचे औषध, या तुझ्या म्हणण्यावरचा आपला वाद असा मिटलेला मला मान्य नाही.

आमच्या मद्याच्या कारखान्यात मिश्रण ठरवणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांनाही पिणे वर्ज्य आहे. मी विचारले, "मग चव कशी ठरवता?"

"अहो हिशेबनीस, नाक शाबूत आहे ना? घशाला विचारतंय कोण?"

त्यांच्याकडून ब्रँडीच्या आणि लिक्युअरच्या नमुन्यांच्या छोट्या बाटल्या मागून घेऊन पाठवल्या आहेत. सगळ्या रिकाम्या आहेत, हे वहिनींना आधीच सांग, नाहीतर माझी धडगत नाही. वास मात्र काचेला धरून आहे. बाटली मुठीत धरून ऊब द्यायची, मगच बूच काढून नाकाशी न्यायची, अशी त्यांची रीत आहे.

ब्रँडीत मला मनुका आणि जुने लाकूड जाणवले. चांगली आहे, पण संत्र्यापुढे फिकी.

शनिवारी मी इथे पेला भरतो खरा. पण "तुला काही कळत नाही" असे म्हणणारे कोणी नसल्याने त्याला चव लागत नाही.

तेव्हा येत्या शनिवारी गॅलरीत खुर्ची टाक, आणि माझे कुठे चुकले ते सविस्तर लिही.

तुझ्या खरमरीत उत्तराच्या प्रतीक्षेत,
धाकटा