धोंडूचा टोपीतला फोटो

माघ शु. २
हे कचेरीतून आले अन् एक टोपी समोर ठेवली. जरीची, एवढीशी. धोंडूची म्हणे. खंडव्याचा फोटोवाला आलाय, राजघाटावर उन्हात बसवून फोटो काढतो. सगळ्यांनी जायचं. फोटो नागपूरला मोठ्या भाऊजींना पाठवायचा, त्यांनी अजून धोंडूला बघितलं नाही.
मी म्हटलं, परकरातच काढा की.
"दोन वर्षांचा झाला. किती दिवस पोरगी करून ठेवशील? कचेरीत लोक हसतात."
हसू देत. त्यांची पोरं जिती आहेत.

माघ शु. ३
कामात लक्ष नाही. आधीचे दोन्ही मुलगेच होते. दोन्ही सटवीनं नेले. बनू मुलगी, तिला काही झालं नाही. म्हणून धोंडू झाला तेव्हा सासूबाईंनी त्याला उकिरड्यावर ठेवला, शेजारच्या काशीकाकूनं सुपात उचलला अन् मूठभर ज्वारीला आम्हाला परत विकला. नाक टोचलं, नाव दगडाचं ठेवलं, परकर घातला. मुलगा आहे हे सटवीला कळूच द्यायचं नाही. आता टोपी घालून कागदावर काढायचं म्हणजे हाक मारून सांगणंच झालं.
सासूबाईंना म्हटलं, तुम्ही सांगा ह्यांना. तर म्हणे, "तो माझं ऐकतो का? बापावर गेलाय."

माघ शु. ५
झालं.
टांग्यानं घाटावर गेलो. ऊन कडक. तीन पायांवर पेटी, अन् फोटोवाला काळ्या फडक्यात घुसलेला. बनू ओरडली, "माय, त्या माणसाचं डोकं कुठं गेलं?"
ह्यांनी धोंडूला टोपी घातली. त्यानं भोकाड पसरलं, टोपी फेकली ती पाण्याजवळ. बनू पळत गेली, पाय भिजवून आणली अन् आपल्याच डोक्यावर ठेवली. उवांपायी तिचे केस परवाच उतरवलेत, अंगात लांब अंगरखा. फोटोवाल्याला काय कळणार. त्यानं तिला उचलून ह्यांच्या मांडीवर बसवलं. "लड़का बाबूजी के पास, लड़की माँ के पास." धोंडू माझ्याजवळ, परकरात, नाकात बाळी.
हे म्हणाले, "अरे भाई, ये तो..."
"हिलो मत! बोलो मत!"
अन् झालंच. फोटो उमटायची काच एकच उरली होती म्हणे, दुसरा फोटो नाही.
मी बोलू शकले असते. गप्प बसले, पदर तोंडावर धरून. टांग्यात हे टोपी झटकत बसले. सासूबाई आपल्या हसतायत, "लेकीचा लेक झाला गं!"

माघ शु. ६
धोंडू बरा. दोनदा खिचडी मागितली, मांजरीची शेपटी ओढली. छाती हलकी झाली.

माघ शु. १०
फोटो आला. ह्यांनाही हसू आवरेना. बनू टोपीत ऐटीत, जशी काही तहसीलदारच. धोंडू हलला, त्याचं तोंड धुरासारखं उमटलंय. बरंच झालं.
काशीकाकू बघायला आली. "काय गोंडस पोरगा! त्या टोपीवाल्याची दृष्ट काढ गं."
मी हसले. मग हसू तिथंच थांबलं. टोपीत तर बनू...

माघ शु. १२
बनूला ताप. अंग तव्यासारखं. पाय भिजले त्यानं असेल, सासूबाई म्हणतात. वैद्याचा काढा चालू.
काय केलं मी माय. एकाला लपवलं अन् दुसरीला पुढं केलं. पोरगी आहे, तिला काही होत नाही, असं धरूनच चालले. हिची दृष्ट कधी काढली होती? आठवत नाही.

माघ शु. १४
तसंच. लिहवत नाही.

माघ व. १
पहाटे घाम आला. उठून बसली. "भाकर दे. गूळ पण. जास्त."
मी रडायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "आता काहून रडते? रडायचं तेव्हा तर दगडासारखी बसली होती." अन् स्वतःच डोळे पुसत आत गेल्या.
दोघांची दृष्ट काढली, मीठ-मोहरीनं. आधी बनूची. आता दोघं अंगणात एकमेकांना चावतायत. चावू दे. कान तृप्त झाले.

माघ व. ३
हे फोटो पालथा घालून बसले, हातात टाक. "दादासाठी मागं नावं लिहितो. खरं लिहू, का टोपीवाल्यालाच धोंडू म्हणू? दादाला काय कळतंय."
खरं लिहिलं तर धोंडू उघडा. खोटं लिहिलं तर बनू सटवीच्या तोंडी. मी म्हटलं, नावं नका लिहू.
"मग दादानं समजायचं काय?"
"दोन लेकरं आहेत अन् दोन्ही जिती आहेत. एवढं कळलं तरी पुष्कळ."
शाई टोकावर आली होती. हे लिहीनात, अन् टाकही खाली ठेवीनात. तव्यावर भाकर करपायला लागली, मी उठले.