दाराच्या तळाशी वाजलेली टकटक

'आजी, तू आत जा आणि दार लावून घे.' माझ्याच घरात, इतक्या परक्या माणसांसमोर, मला! वर 'प्लीज' चिकटवलंस. त्यानं मी विरघळेन असं वाटलं काय? ज्या फरशीवर तू रांगलीस, तिच्यावर रंगीत पट्ट्या चिकटवून मला दाखवत होतीस की कुठं पाय ठेवायचा नाही.

प्रिय ठमे,

खुशाली नंतर विचारेन. आधी राग उतरवते, नाहीतर रागानं अक्षर आणखी बिघडतं, आणि ते मुळातच कोंबडीनं उकरल्यासारखं. शाळा चौथीत सुटली, पण कान उपटायला तेवढी पुरते.

तुझ्या माणसांनी घराचं काय केलं ते तुला कुठून कळणार? तू त्या टीचभर पडद्यात डोकं खुपसून बसलेली. खिडक्यांना काळी कापडं लावून भर दुपारी रात्र केलीत. टिकटिक नको म्हणून घड्याळ बंद. भांडी चमकतात म्हणून त्यांच्यावर कसलासा फवारा मारलात. जन्मभर घासून चमक आणली ती काय चुकीची झाली? तो आवाज टिपणारा फ्रिजपाशी गेला, फ्रिज घरघरतो म्हणून बंद केला आणि आपल्या स्कूटरची किल्ली आत दुधाशेजारी ठेवली. मी म्हटलं, बाबा, बरा आहेस ना? तर म्हणतो, 'आजी, किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागेल, मग चालू करायला विसरणार नाही.' तुमच्यात शहाणा तेवढा एकच. फवारा अजून निघालेला नाही.

सिनेमा कशावर, विचारलं तेव्हा 'एका घरावर' म्हणालीस. मीही खुळी, हो म्हणून बसले. मग माझ्या जागी ती बाई आली. केसांना पावडर फासून म्हातारी झालेली, पदराला हात पुसण्याआधी कॅमेऱ्याकडे बघणारी. तिचं बोलणं ऐकलं तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. घर सोडून गेलेला मुलगा कित्येक वर्षांनी दार वाजवतो, म्हातारी उघडते, गळ्यात पडते, ढसाढसा रडते. गोष्ट माझी, रडणं तुझ्या पदरचं. तुझा बाप घर सोडून गेला तेव्हा तू आईच्या पोटात होतीस. ना चिठ्ठी, ना फोन. तो कुठं आहे, आहे की नाही, हे मला आजवर कोणी सांगितलं नाही. तो दारात आलाच तर गळ्यात पडायचं नंतर बघू, आधी एक कानाखाली बसेल. हे त्या पावडरवाल्या बाईला सांगायचं होतंस.

आतल्या खोलीच्या दाराच्या फटीतून दिवसभर तुला बघत होते. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. चहा मागवायचा, गार करायचा, पुन्हा मागवायचा. वरच्या मजल्यावर कोणी भिंतीला भोकं पाडायला लागलं तर अनवाणी धावत गेलीस आणि हातापाया पडून यंत्र थांबवून आलीस. आवाज न चढवता सगळ्यांना नाचवतेस. हे माझं घेतलंस. तुझी आई आवाज चढवते, तरी तिच्या घरात मांजरसुद्धा हलत नाही.

पण त्या नटाला दार वाजवायला लावलंस ते किती वेळा! तो वाजवायचा, तू 'परत' म्हणायचीस. कॅमेरावाला कुरकुरला, 'छान आहे की, पुढं चला.' तू ऐकेनास. शेवटी बाहेर जाऊन त्याच्या कानात काहीतरी पुटपुटलीस. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. आणि दाराच्या अगदी तळाशी, उंबऱ्यालगत, आधी नखानं खरवडल्याचा आवाज आला. मग हलकेच दोनदा टकटक.

पायांनी मला विचारलंच नाही. त्या बाईला बाजूला सारून मी गेले आणि कडी काढली. समोर तुझा नट उकिडवा बसलेला, तोंड उघडं. मागून तू ओरडलीस, 'कट! आजी, सगळ्यात चांगला टेक घालवलास!' आणि मला आत पाठवलंस.

आता नीट ऐक. तुझा बाप लहानपणी अंधार पडेस्तोवर बाहेर हुंदडायचा. तुझे आजोबा तापट. त्यांना कळू नये म्हणून खाली बसून तो असं दार खरवडायचा, वाजवायचा, आणि मी पावलं न वाजवता कडी काढायची. आजोबा गेले, पण त्यांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. मी कोणाजवळ बोलले नाही. तो दार कसं वाजवायचा, असं तुझ्या आईला काल फोनवर सहज विचारलं, तर म्हणते, 'आमच्या घराला बेल होती, आणि त्यांच्याकडे किल्ली. दार कशाला वाजवतील?' म्हणजे ती टकटक जगात दोघांनाच ठाऊक. एक मी. मी तुला सांगितली नाही.

तेव्हा तो आहे. तुझ्याशी बोलतो, लहानपणच्या गमती सांगतो, आणि तू त्या ऐकून माझ्या दारावर वाजवतेस! तिकडून तो येतो तुझ्या सिनेमात, इकडं मी आतल्या खोलीत. केव्हापासून भेटता, कुठं भेटता, मला नको सांगूस. तू उत्तर लिहायचं नाहीस. 'आजी, ऐक तरी' म्हणून फोन करायचा नाहीस. आईला मध्ये घालायचं नाहीस, तिला मी काही कळू दिलेलं नाही. हे पत्र त्याच्यापुढं धर. माझे गुडघे गेलेत, दारापर्यंत यायला वेळ लागतो, तेव्हा एकदा वाजवून पळ काढू नको म्हणावं. आता घरात कोणी ओरडणारं नाही, खाली बसायची गरज नाही. उत्तर त्यानं द्यायचं, स्वतः येऊन, उभं राहून, दार वाजवून.

तुझीच, रागावलेली,
आजी