मान खाली, हात वर

उस्मानपुरा, युनियनची खोली,
छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप सखाराममामा,

तुमच्या भाच्याचा, म्हणजे सुदर्शनचा, वाकता येईल तेवढा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे). तुमचे गुडघे कसे आहेत? सुरेखाताई जेवणात मीठ कमी घालते अशी तुमची तक्रार होती. लेकीविरुद्ध संप पुकारू नका, स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आहे.

तर मामा, रविवारी आपली युनियन बंद करायची होती. सभासद उरलो आम्ही पाच-सहा पेन्शनर (त्यातले दोघं चहापुरते), आणि खोलीच्या मालकाला तिथं जिम काढायची आहे. मतदान आपल्या जुन्या रीतीनं: मान खाली, हात वर. (कोणी कुठं मत दिलं ते कंपनीच्या खबऱ्याला दिसू नये म्हणून तुम्हीच ही रीत पाडलीत. आता खबऱ्या गेला, कंपनी गेली, तिच्या जागी मंगल कार्यालय आलं, तरी आमच्या माना खालीच.) मान वर ठेवून हात मोजायचे ते फक्त अध्यक्षानं; पण कय्युमभाईंच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

बंद करण्याच्या बाजूनं आमचे सगळ्यांचे हात वर झाले. मग मी नुसती रीत म्हणून "विरोधात?" असं विचारलं आणि खोली हातांनी भरली. भरदुपारी, पंखा चालू, खाली भाजीवाला ओरडतोय आणि मागच्या भिंतीपर्यंत हातच हात. एका मनगटावर गोंदलेली तुळस, हिरव्या बांगड्या: सारजाबाई. बायकांना संडास मिळावा म्हणून मशीन बंद करून बसलेली पहिली बाई. तिच्या तेराव्याला आपण दोघं जेवलो होतो. शेजारच्या हातावरून पाणी निथळत होतं. तो कडूबा, जातीजातीचे वेगळे माठ फोडून सगळ्यांना एकच माठ ठेवायला लावणारा, आणि तो तर तिच्याही आधी गेलेला. आमच्या लोकांनी माना वर केल्या तेव्हा मागं नुसत्या रिकाम्या खुर्च्या.

मी कय्युमभाईंना हळूच सांगितलं की विरोधात जास्त हात आले, पण ती माणसं आता नाहीत. त्यांनी काळा चष्मा सावरला. "सुदर्शन, हात मोजायचे असतेत, माणसं नाय. ठराव नामंजूर. लिव." मग चहा आला (आमच्यापुरताच सांगितला होता, तरी कमी पडला). खोलीच्या मालकाला थोपवायला फेरमतदान ठरवलं. भीती तर लई वाटली मामा, पण खरं सांगू? बरंही वाटलं.

मामींच्या फोटोला माझा नमस्कार.

तुमचा,
सुदर्शन

ता.क. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी फेरमतदान आहे. हात मोजायला तुम्हीच या. मी पुन्हा मोजणार नाही.

आणखी ता.क. एक सांगायचं टाळत होतो. पहिल्याच रांगेत एक हात होता, पॉवर प्रेसनं मधली दोन बोटं नेलेला. तो मी कुठंही ओळखेन, त्यालाच धरून मी कामावर लागलो. सुरेखाताईला फोन करायची हिंमत होत नाही, म्हणून हे पत्र. उत्तर तुमच्याच अक्षरात लिहा, दोन ओळी पुरेत. टपालाला आठवडा तरी लागेल. तेवढे दिवस तुम्ही आहात.