दर्भाला बायका चालतात

आबा, आईला जाऊन महिना झाला. तुम्हाला हे कळवायला दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला पत्र पाठवायची सोय तेव्हाही धड नव्हती. तुमची आगबोट कुठल्या बंदरात आहे हे आम्हाला ती तिथून सुटल्यावर कळायचं. आता तर पत्ताच नाही.

आधी तुमचं कसं झालं ते सांगते, कारण ते तुम्ही पाहिलेलं नाही. तुमच्याच बोटीवरचा, आपल्या वाडीतला खलाशी तुमची पेटी घेऊन आला तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. ओटीवर बसून, खाली मान घालून त्याने सांगितलं की एडन सुटल्यावर तुम्हाला ताप भरला, आणि मग कॅनव्हासात शिवून पाण्यात सोडलं. आई दाराआडून म्हणाली, "तू बगितलंस?"

"नाय वैनी. मी खाली बॉयलरवर हुतो. वर येईपर्यंत सगळं झालं हुतं."

झालं! तेवढ्यावरून आईने तुम्हाला गेलेलं मानायचं साफ नाकारलं. कुंकू पुसलं नाही. बोटीच्या दिवशी मला घेऊन ती बंदरावर जाई आणि पडावातून उतरणाऱ्या माणसांचे हात बघत उभी राही. चेहरे नाही, हात. तुमच्या डाव्या करंगळीचं पेर नांगराच्या साखळीत गेलं होतं ना, ते ती शोधायची. लोक आधी हळहळले, मग कंटाळले. काका तर चिडलाच. तुमचा जीव तिकडे अडकून पडला आहे आणि ही इकडे बंदरावर उभी, असं तो येताजाता बोले.

शेवटी त्याने भटजींना बोलावलं. देह मिळत नाही तेव्हा दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी देतात, तसं करायचं ठरलं. काकाने हातखंब्याच्या बाजूने पळसाची पानं आणली. अंगणात दर्भाचे हातपाय बांधले, त्यांना पळसाचे देठ लावले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. मला ती भलीमोठी बाहुली वाटली, आणि खरं सांगते आबा, मला हसू आवरेना. तेवढ्यात आई आतून आली. त्या बाहुलीशेजारी बसली, तिचा डावा हात चाचपला आणि शेवटच्या देठाचं टोक मोडून टाकलं. "आता झाले हे," म्हणाली. माझं हसू तिथेच संपलं. अंगणात तुम्ही निजला आहात, आणि मी रडते आहे.

उचलायची वेळ झाली तशी माझा हात धरून आईही निघाली. काका आडवा आला. "वैनी, बायका मसनात येतात काय?"

"मानसाबरोबर येत नायत. ह्यो दर्भ हाय. दर्भाला बायका चालतात."

काकाने भटजींकडे पाहिलं, भटजींनी समुद्राकडे. आम्ही चालू लागलो. वाडीतल्या कुठल्याही बाईने पाहिलं नव्हतं ते मी त्या वयात पाहिलं. काकाने अग्नी दिला, दर्भ भसकन पेटला, मागून लाकडांनी धरलं. नारळ मात्र बराच वेळ तसाच होता. आईची नजर त्याच्यावरून हलेना. तो फुटला तेव्हा ती म्हणाली, "गेले." घरी येऊन तिने आपल्या हाताने कुंकू पुसलं. बंदरावर ती पुन्हा कधी गेली नाही.

पुढे घरात आम्ही दोघीच. मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. कधी जेवताना ती मध्येच म्हणे, "बाय, माज्या वेळंला तू ये हां. आपल्या मानसाने बगायला हवं." मी येईन म्हणायचे. मास्तरीण म्हणून वाडीत चार लोक मला मान देतात, मला वाटलं जमेल.

गेल्या महिन्यात तिला उचललं आणि मी मागून चालू लागले. चिऱ्याच्या गडग्यापाशी वाट मसणाकडे वळते, तिथे काकाचा मुलगा थांबला. मडकं त्याच्याच हातात होतं. वाईट नाही हो तो, त्याचेही डोळे भरले होते.

"ताय, मागं फीर."

"तेव्हा आले होते मी."

"तेवा दर्भ हुता. ह्या खेपेस मानूस हाय."

आईचंच बोलणं त्याने मला ऐकवलं. मी फिरले. तुम्ही नव्हतात तिथे मी होते, आणि आई होती तिथे मी नव्हते. फार एकटं वाटतं, आबा.

माणसांच्या आंघोळीला पाणी तापवायचं होतं. बायका पुढे ओटीवर होत्या. मी मागच्या पडवीत न्हाणीची चूल पेटवली. हे कुणाला बोललेले नाही: माळ्यावरचा एक नारळ सोलला आणि जाळात ठेवला. माडांच्या वर धूर दिसत होता, तिकडे पाहिलंच नाही. नारळाकडे बघत बसले. बराच वेळ लागला. फुटला तेव्हा "गेली" म्हणाले, मोठ्याने.

माणसं परतली तेव्हा पाणी कढत होतं. काकाच्या मुलाने चुलीत डोकावून विचारलं, "एवडा जाळ कशाला गो केलास, ताय?"

"तुमच्यासाठीच," मी म्हणाले.