पिवळी खुर्ची आणि निळी पाटी

प्रिय काझ,

तुझं नाताळचं पत्र मिळालं आणि आता ईस्टर तोंडावर आला तरी मी उत्तर दिलेलं नाही. रागावला असशील तर खुशाल रागाव, पण थोडा राग राखून ठेव, पत्राच्या शेवटी लागेल. माझी तब्येत बरी आहे. ईस्टरआधीच्या उपवासात दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांसाठी तीच रांग लागते, आणि मंगळवारी आम्ही म्हाताऱ्या पिरोगीच्या करंज्यांच्या कडा दाबत गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसतो. माझा अंगठा आता साथ देत नाही. जिभेला मात्र काही झालेलं नाही, म्हणून मला अजून कुणी घरी बसवलेलं नाही.

मोठी बातमी आईच्या पिवळ्या खुर्चीची. तीच रे, स्टीलच्या पायांची, जिच्या रेक्झिनला कात्रीने भोक पाडून तू मार खाल्ला होतास. ही खुर्ची यंदाच्या हिवाळ्यात आमच्या इमारतीत एवढी गाजली की एका सरकारी बाईंनी तिचा फोटो काढून नेला. पण ते सांगायचं तर आधी व्हर्नाबद्दल सांगायला हवं.

व्हर्ना टिब्ज माझ्या खालच्या घरात राहते. पूर्वी शाळेची बस चालवायची. पिट्सबर्गच्या या चढउतारांवर, बर्फात, मागे पोरांचा गोंगाट चालू असताना तिने उभी हयात बस हाकली. मग नसांच्या दुखण्याने पाय गेले. दुसरी असती तर रडत बसली असती. हिने हाताने ब्रेक दाबायची सोय असलेली गाडी घेतली, घडीची चाकाची खुर्ची मागच्या सीटवर टाकली आणि त्याच बस डेपोत वायरलेसवर बसली. आता पहाटे कुठली बस कुठल्या रस्त्याने जाईल ते हीच ठरवते, आणि तिच्या आवाजाला भले भले ड्रायव्हर टरकतात. एका शुक्रवारी मी तिला मासे खायला घेऊन गेले. माशाचे दोन पाव फस्त केल्यावर म्हणते, “हेडी, तुम्हा कॅथलिकांचं मला एवढं एकच पटतं बघ.” फादर शेजारीच उभे होते. तेही हसले.

आमच्या इमारतीला पुढून उंच पायऱ्या आहेत, हे तू पाहिलंच आहेस. मागे गाड्या लावायचं आवार आणि तिथून आत यायला सपाट दार. त्या दाराजवळ गाडी लागली, तर व्हर्ना खुर्ची उतरवून एकटी घरात जाते. तिथे दुसऱ्या कुणाची गाडी असली, तर तिला खाली उतारावरच्या रस्त्यावर लावावी लागते, आणि बर्फातून तो चढ चाकाच्या खुर्चीने चढणं माणसाचं काम नव्हे. मागच्या हिवाळ्यात एकदा ती कोणी गाडी काढेल म्हणून आवारात ताटकळत बसून राहिली, मांडीवर किराण्याची पिशवी घेऊन. कामावरचे दिवस बुडायला लागले. डेपोच्या साहेबाने समज दिली. नोकरी गेली की भाडं गेलं आणि भाडं गेलं की घर गेलं, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

म्हणून तिने आमचे व्यवस्थापक, मिस्टर डोर्सी, यांच्याकडे दाराजवळची एक जागा आपल्या नावाने मागितली. डोर्सी वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडायला सोपं. तो गोड बोलतो. म्हणाला, “मॅडम, इथे जो आधी येईल त्याची जागा. सगळ्यांना एकच नियम. तुम्हाला दिली तर उद्या जो तो गुडघा धरून दारात उभा राहील.” व्हर्नाने डॉक्टरांची चिठ्ठी दिली. तो म्हणाला, बघू. मग पुन्हा म्हणाला, बघू. तेवढ्यात बर्फ पडायला लागला.

आता पुढचं तुला समजावून सांगायला नको. बर्फ पडला की आपल्याकडे ज्याने फावड्याने जागा मोकळी केली त्याची ती जागा, आणि त्याने तिथे खुर्ची मांडली की देवाचा बापही ती हलवत नाही. हलवली तर त्या आयत्या बिळावरच्या नागोबाचं काय करायचं ते गल्ली बघून घेते. तर वरच्या मजल्यावरच्या युजीनने दाराजवळची जागा फावड्याने साफ केली आणि माझ्याकडे आला. “हेडी, एखादी जुनी खुर्ची दे. व्हर्नासाठी मांडू.” मी आईची खुर्ची दिली. तिच्यावर व्हर्नाचं नाव लिहिलेला पुठ्ठाही बांधला. व्हर्ना आली, खुर्ची पाहिली, आणि तिने सगळ्या इमारतीला लिंबाचा केक करून वाटला. आम्ही इतके खूश होतो की विचारू नकोस. जिन्यात भेटलं की एकमेकांकडे बघून असे हसायचो, जणू आम्ही चर्चच बांधलं होतं.

व्हर्नाने मात्र त्याआधीच घरमालकांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या शहराच्या कार्यालयात तक्रार दिली होती, आणि चौकशीला एक बाई आल्या. डोर्सी त्यांना हाताला धरल्यासारखा थेट मागच्या आवारात घेऊन गेला. “ही बघा खुर्ची. शेजारी किती मायेने जागा धरतात. हिला कसली अडचण? आमची इमारत म्हणजे एक कुटुंब आहे.” बाईंनी फोटो काढला. मी खिडकीतून बघत होते आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिच्यासाठी मांडलेली खुर्ची तिच्याच विरुद्ध साक्ष देत होती.

त्या संध्याकाळी व्हर्ना कॉफीला आली आणि म्हणाली, खुर्ची उचल. काझ, मला इतका राग आला! मी म्हटलं, “आम्ही पाठी मोडून फावडी मारायची, आणि तुला त्याची किंमत नाही?” तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, “किंमत आहे गं, म्हणून तर केक केला. पण खुर्ची तुझी आहे. उद्या तुझं-माझं वाजलं तर ती कुणाची? युजीन दुसरीकडे राहायला गेला तर फावडं कोण मारणार? आणि बर्फ वितळल्यावर खुर्चीला विचारतो कोण? जुलैमध्ये मी काय नाचणार आहे?” ती पुढे म्हणाली, “कायदा आहे, हेडी. मला इथे राहता यावं म्हणून नियमात जेवढा फरक लागतो, तेवढा घरमालकाने करायचा असतो, त्याच्या आवाक्यातला असेल तर. एक पाटी त्यांच्या आवाक्याबाहेर आहे का? तू रोज जिना चढून घरी जातेस, तेव्हा जिना बांधला म्हणून घरमालकाला थँक्यू म्हणतेस? मग मीच का रोज थँक्यू म्हणत घरात शिरायचं?”

मला त्या क्षणी आई आठवली. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत, ह्याच खुर्चीवर बसलेली. तुला आठवतं, घरमालक हॅलोरन किती भला होता? आईचे गुडघे गेल्यावर तो सूप पाठवायचा. ईस्टरच्या प्रार्थनेला त्याची मुलं तिला खुर्चीसकट उचलून खाली न्यायची, आणि आई लाजेने लाल होऊन वाटेत भेटेल त्याला थँक्यू म्हणायची. मग तिने जाणंच कमी केलं. म्हणायची, देवमाणूस आहे, त्याला किती त्रास द्यायचा. तळमजल्यावरचं घर रिकामं झालं, पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं झालं. आईने मागितलं नाही, कारण मागता येतं हेच तिला ठाऊक नव्हतं. आणि हॅलोरनला सुचलं नाही, कारण तो सूप पाठवत होता ना. आपण दोघं तेव्हा शाळकरी पोरं. आपल्याला वाटायचं, आईला खिडकीत बसायला आवडतं.

मी खुर्ची उचलली. युजीन माझ्याशी कित्येक दिवस बोलला नाही. पुढचा बर्फ पडला आणि दाराजवळ कुणाच्या तरी पाहुण्याचा भलामोठा ट्रक येऊन उभा राहिला. व्हर्नाने खाली चर्चच्या आवारात गाडी लावली, आणि तिथून फादरांनी तिला आपल्या गाडीतून वर आणलं. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा. युजीनच्यानेही राहवलं नाही. खिडकीतून ओरडला, “व्हर्ना, हट्ट सोड! मांडतो मी परत!” ती खालून ओरडली, “मांडलीस तर चुलीत घालीन, आणि हेडी माझा जीव घेईल!” हसत होती रे, पण रात्रभर झोपली नव्हती हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी माझ्या आयुष्यात शूर माणसं पाहिली आहेत, आपले खाणीतले काका धरून. पण हातात आलेली सोय योग्य गोष्टीसाठी परत करणारी मी पहिल्यांदा पाहिली.

त्या बाई पुन्हा आल्या, तेव्हा व्हर्नाने मलाही आपल्या घरी बोलावलं. डोर्सीने तेच पुराण लावलं. सगळ्यांना एकच नियम, कुणाच्याही नावाची जागा नाही. व्हर्ना शांतपणे म्हणाली, “मिस्टर डोर्सी, तुमची गाडी कुठे आहे?” आम्ही सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं. त्या दाराला अगदी खेटून, ‘व्यवस्थापक’ अशी पाटी लावलेल्या जागेवर त्याची गाडी उभी होती. आठवड्यातून एखाद्या वेळी येतो, एरवी जागा रिकामी. ती पाटी आम्ही इतकी वर्षं पाहत होतो आणि एकालाही दिसली नव्हती. डोर्सी म्हणाला, “अहो, ती तर कामाची गरज आहे.” व्हर्ना म्हणाली, “मलाही कामावरच जायचंय.” बाईंनी हसू दाबायला वहीत डोकं घातलं. मी काही दाबलं नाही.

त्यानंतर जागा देतो असं मालकांच्या वकिलाचं पत्र आलं आणि डोर्सीचं ‘बघू’ संपलं. बर्फ वितळल्यावर माणसं आली. त्यांनी जमीन खोदली, खांब सिमेंटात पक्का केला, त्यावर चाकाच्या खुर्चीची निळी पाटी आणि खाली व्हर्नाच्या घराचा नंबर. शेजारी पांढरे पट्टे मारले, तिची खुर्ची उतरवता यावी म्हणून. सिमेंट वाळलं त्या दिवशी आम्ही अर्धी इमारत काही ना काही निमित्त काढून मागच्या आवारात उभे होतो. युजीन तर कचऱ्याची रिकामी बादली घेऊन आला होता. व्हर्ना कामावरून आली. पाटीखाली गाडी लावली, खुर्ची उतरवली, आणि आमच्यासमोरून, “काय गं, माणसांना घरदार नाही का?” एवढंच म्हणून आत गेली. केक नाही, थँक्यू नाही. युजीनने आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि इतके हसलो की मला रडू आलं.

आता तो राखून ठेवलेला राग काढ, काझ. नाताळच्या पत्रात तू मोठ्या गमतीने लिहिलं होतंस, ईरी गावात तू सांभाळतोस त्या इमारतीतल्या मिसेस लिंडक्विस्ट कंबरेच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन फिरतात आणि तळमजल्यावरचं घर मागतात, आणि तू सांगितलंस की घरं नंबराने मिळतात, सगळ्यांना एकच नियम. मग लिहिलंस की तू स्वतः त्यांच्या पिशव्या वर नेतोस, बर्फ वितळावा म्हणून त्यांच्या पायऱ्यांवर मीठ टाकतोस, एवढं कोण करतं? खरंच कोणी करत नाही. तू आईचा मुलगा शोभतोस. पण तूही आमच्यासारखी खुर्चीच मांडली आहेस, काझ. परवा फोनवर तूच म्हणालास की तळमजल्यावरचं घर रिकामं झालंय, रंग वाळला की नवा भाडेकरू ठरवणार. रंग वाळला की किल्ली मिसेस लिंडक्विस्टना दे. नाही दिलीस, तर त्यांना व्हर्नाचा फोन नंबर मी देईन. बहीण असले तरी देईन. आणि दिलीस, आणि एखाद्या सकाळी त्या तुझ्यासमोरून थँक्यू न म्हणता बाजारात निघून गेल्या, तर वाईट वाटून घेऊ नकोस. तिथेच थांब आणि डोळे भरून बघ. आईला आपण असं कधी पाहिलं नाही.

खुर्ची परत माझ्या स्वयंपाकघरात आहे. ईस्टरला ये, आणि बस तिच्यावर.

तुझीच, रागावलास तरी तुझीच,
हेडी