हेडबाईला वळसा

३ ऑक्टोबर, मंगळवार

सेक्रेटरी एकदाचे बोलले! क्लबच्या ऑफिसात बसवून, पुढे पाण्याचा ग्लास सरकवून, अगदी गोड आवाजात – "मॅडम, बायकांच्या बॅचला मैदानच बरं नाही का? सावली आहे, बाकं आहेत." बाकं! मी डोंगरातली सायकल शिकवते की गप्पांचा क्लास घेते?

तासभर हुज्जत घातली. शेवटी ठरलं ते असं – २२ तारखेला, खुल्या दिवशी, माझी आख्खी बॅच माझ्यासकट टेकडीच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतरून दाखवणार. कुणी कुठेही पाय टेकायचा नाही. एकीनेही टेकला, तर टेकडी आम्हाला बंद. नियमाप्रमाणे कोच सगळ्यांच्या मागे.

"तुमच्यासकट हं," हे त्यांनी दोनदा म्हटलं. का कोण जाणे.

४ ऑक्टोबर, बुधवार

आज वळणं. सीटवर बसायचं नाही, पेडलवर उभं राहायचं, नजर वळणाच्या पलीकडे. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा हात दाबायचा. उजवीकडे वळताना उजवा हात राबतो, डाव्याला सुट्टी. शंभरदा सांगून झालंय! दातांची डॉक्टर अजूनही पुढच्या चाकाकडे बघते, त्याचीच दाढ काढायची असल्यासारखी. लायब्ररीवाली वळताना श्वास घ्यायचाच विसरते. बँकेतली कॅशियर मात्र सुधारली. आणि जाऊबाई! माझी थोरली जाऊ, पन्नाशीची, घरी मला "अगं", टेकडीवर "मॅडम". तीन वर्षांपूर्वी तिला सायकलवर टांग टाकता येत नव्हती, आज मुळांवरून अशी आली की मी टाळ्या वाजवल्या.

हेडबाईपाशी मात्र नेहमीचं नाटक. उताराच्या मध्यावर कंबरेइतकी खडकाची पायरी आहे, तिला कॅशियरने ठेवलेलं नाव – समोर गेलं की न केलेला गृहपाठ आठवतो म्हणून. थोडा वेग ठेवायचा, वजन मागे, ब्रेक सोडायचे, बस. तिथे पोचलो तर डॉक्टरला तहान लागली, लायब्ररीवालीची चेन उतरली, कॅशियरला फोन आला. मीही करून दाखवलं नाही. माझे ब्रेक पॅड घासलेत. शिवाय खाली उभं राहून सांगितलेलं जास्त नीट समजतं, असं माझं मत आहे.

फेब्रुवारीत मी पडले ती इथेच, डाव्या खांद्याचं हाड मोडलं. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

७ ऑक्टोबर, शनिवार

शुक्रवारी चौघी माझ्याशिवाय सरावाला जातात. काल रात्री जाऊबाई जिन्यातूनच ओरडली – "झाली गं हेडबाई! चौघींची!" मी तिला जिन्यातच मिठी मारली. वरच्या मजल्यावरून नवरा विचारतोय, कोण आलं, काय झालं! रात्रभर नुसतं हसू येत होतं.

८ ऑक्टोबर, रविवार

म्हटलं, आता माझ्यासमोर. तर परत तहान, परत चेन. जाऊबाई म्हणाली, "आज राहू दे मॅडम, पाय भरून आलेत." शुक्रवारी जमतं आणि रविवारी जमत नाही?

१२ ऑक्टोबर, गुरुवार



एकटीच चालत टेकडीवर गेले होते, दगड-बिगड निसटलेत का बघायला. हेडबाईच्या आधी पाच-सहा पावलांवर, झुडपाच्या मागे – वळसा! खडक चुकवून बाजूने काढलेली वाट! मुळं बाजूला केलेली, माती ठोकून बसवलेली, कडेला चपटे दगड. मस्त रुंद, आजीबाईसुद्धा उतरेल. म्हणजे ही यांची "झाली गं हेडबाई"!

टायरचा माग एकच. मागच्या चाकाचा, मधली एक रबरी गुट्टी तुटलेला. तो टायर मी ओळखते, मीच बसवून दिलाय. जाऊबाईचा.

आणि अक्कल बघा. डावीकडे मोकळी मऊ माती होती, अर्ध्या दिवसात वाट झाली असती. यांनी उजवीकडची दगडासारखी जमीन फोडली. साधी लबाडीही धड जमत नाही!

मी तिथेच खडकावर बसून रडले. तीन वर्षं. थंडीत, उन्हात, एकेकीचा हात धरून. फसवायचंच होतं तर मैदानावर जायचं होतं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

खाली परसात कुदळ धुऊन ठेवलेली. दुपारी जाऊबाई फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात – "बावीस तारखेपर्यंत तिला काही बोलायचं नाही. आधी कळलं तर चिडेल, येणारच नाही." मला बघितलं आणि आवाज एकदम मोठा, "हो हो, पाव किलो लोकर पुरेल!"

लोकर! या बाईने जन्मात एक टोपी विणलेली नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

सरळ म्हटलं, "हेडबाईवरून उतरा. आत्ता. मी खाली उभी राहते." चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी कॅशियर म्हणाली, "मॅडम, तुम्ही खाली उभ्या असता ना, तेव्हा तुमचा चेहरा..."

"माझ्या चेहऱ्याला काय झालं?"

"काही नाही." जाऊबाईने तिला कोपर मारलं. मी बघितलं.

म्हणजे आता दोष माझ्या चेहऱ्याचा! क्लास तिथेच संपवला.

१६ ऑक्टोबर, सोमवार

कुणाचाही फोन उचलला नाही.

१८ ऑक्टोबर, बुधवार

क्लासला गेले, शिकवलं, कुणाशी जादा शब्द बोलले नाही. डॉक्टर पहिल्यांदाच चाकाकडे न बघता वळली. शाब्बासकी तोंडापर्यंत आली होती, गिळली.

घरी आल्यावर जाऊबाई पायरीवर बसलेली. "काय झालंय तुला? माझं काही चुकलं का?" काय हा भाबडा चेहरा! मी म्हटलं, "ताई, माझ्या पाठीमागे काय चाललंय ते तुम्हालाच ठाऊक." ती लाल झाली.  आत निघून गेली.

लाल झाली, म्हणजे खरंच की.

सगळ्यांत जास्त तिचंच लागलंय. हात गळ्यात होता तेव्हा दोन महिने हिने माझी वेणी घातली, ब्लाउजची बटणं लावली, भाजी चिरून वर आणून दिली. मी झोपेत दचकून ओरडायचे, ते हिने ऐकलं आणि सासूबाईंना कळू दिलं नाही. त्या बाईने माझ्या डोळ्यांत धूळ फेकावी? परक्या तिघींचं मी सहन केलं असतं.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

हा म्हणतो, "विचार ना सरळ. घरातलीच माणसं आहेत." मी कशाला विचारू? चोरी त्यांनी केली, विचारायला मी जायचं? मग म्हणतो, "पण एक सांग. फेब्रुवारीनंतर तू स्वतः त्या खडकावरून..."

मी म्हटलं, कुकर झालाय, गॅस बंद कर.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

ब्रेक पॅड बदलून घेतले. सायकल दुरुस्तीवाले काका जुने हातात धरून म्हणाले, "हे तर अजून सहा महिने गेले असते, कशाला बदललेत?" मी म्हटलं, बदला म्हटलं की बदलायचे.

२१ ऑक्टोबर, शनिवार

ठरवलं आणि केलं. सकाळीच टेकडीवर गेले आणि वळसा बुजवला. आत, वळणावरच दगड रचले, झुडपामुळे खालून दिसायचे नाहीत. उजव्या हाताने उचलून उचलून दम निघाला. एकेक दगड ठेवताना मनात बोलत होते – हा डॉक्टरचा, हा कॅशियरचा, हा लायब्ररीवालीचा. जाऊबाईच्या नावाचा सगळ्यांत मोठा, तो लोटत न्यावा लागला.

उद्या वाट एकच. हेडबाईवरून उतरा, नाहीतर सेक्रेटरींच्या देखत पाय टेका आणि जा मैदानावर. बॅच गेली तर गेली! खोट्या बॅचपेक्षा नसलेली बरी. मला वाईट वाटणार नाही.

वाटेल. खूप वाटेल.

आणि मी? मीही वरूनच. पाच वर्षं उतरलेय, नवीन काय आहे त्यात. वाट बुजवून झाल्यावर पायरीच्या काठावर जरा उभी राहिले होते. चालतच गेले होते, सायकल नव्हती. तरी तळहात ओले झाले. दगड उचलून झाले असतील.

२२ ऑक्टोबर, रविवार

हेडबाईखाली सेक्रेटरी उभे. डॉक्टर उतरली. लायब्ररीवाली उतरली. कॅशियर उतरली. जाऊबाई तर हवेतून आल्यासारखी! चौघी वरून, एकीनेही वळशाकडे बघितलं नाही. खरंच येत होतं त्यांना. कधीपासूनच.

वर मी एकटी. सायकल हळू झाली. आणि खालून जाऊबाई ओरडली, मॅडम नाही, काही नाही – "अगं, तू उजवीकडून ये! तुझ्यासाठीच काढलाय गं आम्ही! डाव्या खांद्यावर जोर येत नाही, मी उतरून बघितलंय!"

उजवीकडे वळले. समोर माझेच दगड.

मी पाय टेकला.